गावची नाकेबंदी

गाव माणमधलं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. नाव घेतलं तर शेजारची चार गावं हात झटकून मोकळी होतील, आणि त्या साली तीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. साल अठ्ठेचाळीस. पावसानं नेहमीप्रमाणं तोंड फिरवलेलं, बाजरी वीतभर येऊन थांबलेली, कर्ती माणसं निम्मी मुंबईला आणि निम्मी पलटणीत. मागं उरले होते म्हातारे, बायका, शेरडं-मेंढरं आणि पेन्शनीत आलेले शिपाई. या पेन्शनीतल्या मंडळींना लढाई नसली की करमत नसे. त्या उन्हाळ्यापासून मात्र त्यांचा वेळ बरा जाऊ लागला होता.

निजामाच्या मुलखाला गावात सगळे मोगलाईच म्हणत. दहिवडीहून मोटारीनं पेपर यायचा आणि शाळेचे चिंतामण मास्तर तो चावडीवर मोठ्यानं वाचायचे. एके दिवशी त्यांनी वाचलं की रझाकार हद्द ओलांडून आपल्या अंगाच्या एका गावात शिरले, गंजी पेटवल्या, माणसं कापली, बायकांनी विहिरी जवळ केल्या. ऐकता ऐकता नाथाजी हवालदार उठून उभाच राहिला. बसऱ्याला लढून आलेला माणूस, त्यानं हातातली काठी जमिनीवर आपटली. राग खोटा नव्हता, कुणाचाच नव्हता. वाईट एवढंच झालं की त्या रागाला जायला जागा नव्हती.

मग बातमी आली की सरकारनं मोगलाईची नाकी बंद केली. मीठ बंद, रॉकेल बंद, कापड बंद, औषधपाणी बंद. मीठ बंद झाल्याचं ऐकून चावडीवर जो हर्ष झाला तो बघण्यासारखा होता. जसं काही रझाकार तेवढेच मीठ खातात आणि बाकीची मोगलाई जन्मापासून अळणी जेवते.

आप्पासो पाटलाचा जावई सांगलीला पेठेत होता. तो सांगत आला की तिथल्या व्यापाऱ्यांनी मोगलाईकडं जाणारी हळद अडवून धरली, पेठेत सभा झाली, लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातले. येताना त्यानं देवाला म्हणून भंडाऱ्याची थैली आणली होती. आता सांगली एवढं करते म्हटल्यावर आपल्या गावानं हात बांधून बसायचं म्हणजे लाजच. पण गावानं करायचं तरी काय? मोगलाई कुठं, माण कुठं. या गावातून तिकडं कधी काडी गेली नव्हती. अडवायचं तर काय, आणि कुणाचं?

"आपल्यातबी एक घर हाय की," मागून नाथाजीच्या भावकीतला आकाराम म्हणाला.

घर एकच होतं, बाबालाल मुलाण्याचं. आप्पासोनं थैलीची गाठ सोडली. त्या घरानं काय केलंय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बाबालाल मुलाणी म्हणजे गावचा बलुतेदार. लग्न असो, जत्रा असो, नवस असो, बोकडाच्या मानेवर सुरी फिरवायची ती त्यानंच. त्याचा बाप, त्याचा आजा, सगळ्यांनी तेच केलं. मुलाण्यानं कापल्याशिवाय मटण चुलीवर चढवायचं नाही, ही गावची रीत. त्याबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळायचं आणि प्रत्येक बोकडामागं मानेचा वाटा. दिवाळीला त्याच्या दारात पणती असायची आणि पिराच्या उरुसाला पाटलाच्या घरून मलिदा जायचा. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं, इतकं ते जुनं होतं.

शपथ जानाईच्या देवळात झाली. गावात कोर्टकचेरीपेक्षा बेलभंडाऱ्याचा दरारा मोठा. पायरीवर बेलाचं पान, पानावर सांगलीचा भंडारा. घराघरातला कर्ता पुढं आला आणि एकेकानं बेल उचलून कपाळाला लावला. बाबालालच्या घराला दाणा द्यायचा नाही, मीठमिरची द्यायची नाही, विहिरीवर पाणी भरू द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. "जो मोडंल, त्येच्या घरचा दिवा इजंल," आप्पासो म्हणाला.

खालच्या अंगाला बायका उभ्या होत्या. त्यांत नाथाजीची बायको मनुबाई होती. दिवा म्हणताच तिनं जानाईला हात जोडले. तिच्या घरचा दिवा एकच होता, तिचा किस्ना, म्हणजे कृष्णात. तो पलटणीत होता आणि त्याची पलटण सोलापूरला येऊन पडली आहे, असं रजेवर आलेल्या एका शिपायानं सांगितलं होतं.

नाथाजीनं बेल उचलला तेवढ्यात बाबालाल देवळाच्या आवारात आला. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलेलं.

"पाटील, मलाबी उचलू द्या," तो म्हणाला. "माझ्या हातनं मोगलाईला कायबी जायाचं न्हाई. माझा आजा ह्याच पायरीवर बेल उचलायचा. माझंबी गाव हाय की ह्ये."

आकाराम हसला. आप्पासोनं जमिनीकडं बघितलं. "बाबालाल, घरला जा," नाथाजी म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, उलट समजावणीचा होता, आणि मनुबाईला तोच जास्त लागला. बाबालालनं मुंडासं परत डोक्याला गुंडाळलं आणि निघून गेला.

मनुबाईचं आणि त्या घराचं येणंजाणं गावात सगळ्यांत जास्त. बाबालालची बायको जैनबी पोरसवदा, सासू नाही, सासरचं दुसरं बाईमाणूस नाही. जेठ महिन्यात ती बाळंत झाली तेव्हा मनुबाईच धावली. नेमकी त्याच दिवशी मनुबाईची शेळी व्यायला टेकली. मनुबाई सकाळपासून गोठ्यातून मुलाण्याच्या घरी आणि तिथून परत गोठ्यात अशी पळत होती. दुपारी शेळीला करडू झालं, बोकड, आणि दिवस कलायच्या आत जैनबीला मुलगी. पोरीला पहिली आंघोळ मनुबाईनंच घातली. बाबालालनं नाव विचारलं तर तिनंच सुचवलं, चांदबी ठेवा म्हणून. कारण पोरगी गोरीपान होती.

त्या करडाच्या कानात मनुबाईनं हळदीचं बोट लावलं आणि जानाईला बोलली, "किस्ना धडधाकट घरला येऊ दे, ह्येच तुला देईन." तेव्हापासून त्या शेळीची धार तिनं काढली नाही. नवसाच्या जनावराचं दूध तोडायचं नसतं. घरात चहा काळा व्हायला लागला आणि नाथाजी कुरकुर न करता तो प्यायचा.

शपथेनंतर जैनबी पहिल्यांदा विहिरीवर आली तेव्हा बायका हलल्या नाहीत. कुणी शिवी दिली नाही, कुणी ढकललं नाही, नुसत्या आपापल्या घागरी धरून उभ्या राहिल्या. जैनबीनं वाट बघितली आणि रिकामी घागर घेऊन ओढ्याकडं वळली. तिथं वाळूत झिरा उकरून ती वाटीवाटीनं पाणी भरू लागली. दुकानदार तिला बघून मिठाच्या पोत्यावर तरट ओढायचा. घरातला दाणा संपला तेव्हा बाबालालनं घरची शेळी दहिवडीच्या बाजारात नेली आणि तिच्या बदली जोंधळा आणला. आता हसू येईल, पण तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं असेल. जैनबीला पुढं ताप भरणार होता, हे कुणाला ठाऊक?

भादव्यात सरकारनं फौज आत घातली. पेपरात त्याला पोलीस ॲक्शन म्हटलं होतं. "रणगाडं घिऊन कुठला पोलीस जातोय?" असं म्हणून नाथाजी खूश होऊन हसला. मनुबाईला हसू आलं नाही. तिला ते शब्द कळले नाहीत, पण किस्ना आत गेला एवढं कळलं. ती भाकरी थापायची आणि तव्यावर टाकायची विसरायची. येता-जाता जानाईच्या दिशेनं हात जोडायची. गावात शपथेला अजून धार चढली. आपली पोरं तिकडं छातीवर गोळी झेलतायत आणि आपण इथं ढिले पडायचं? आकाराम तर ओढ्याच्या वाटेवर जाऊन बसायचा, जैनबीला कोण काय देतंय ते बघायला.

त्याच दिवसांत एका दुपारी मनुबाई गोठ्यात बसली होती. मागच्या कुपाटीपाशी कुणीतरी हाक मारली.

"मनुकाकी."

जैनबी होती. पदराच्या झोळीत पोरगी. मनुबाईनं आधी गल्लीत इकडंतिकडं बघितलं आणि मग तिच्याकडं. आधी गल्लीत बघितलं, ही गोष्ट पुढं तिला जन्मभर खात राहिली.

"पोरगी काल सांजपास्नं रडतबी न्हाई," जैनबी म्हणाली. तिचे ओठ तापानं फुटले होते. "माझं दूध आटलं. ह्ये उंब्रजला गेल्यात, नणंदंकडनं शेळी आणाय. चालत गेल्यात, त्येस्नी येळ लागंल. तवर वाटीभर दूध द्या. पदराखाली झाकून न्हेते, कुणाला दिसायचं न्हाई."

करडू शेळीखाली घुसलं होतं. ढुशा मारत, शेपूट हलवत पीत होतं.

"घरानं बेल उचललाय गं, जैने."

"नाथातात्यांनी उचलला. तुमी कुठं उचलला? बायकांस्नी कुणी इचारलं हुतं?"

ते खरं होतं. शपथ घेताना बायकांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या हातात बेल दिलाच नव्हता. मनुबाईच्या मनातही हे येऊन गेलं होतं, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या. तिचा हात गोठ्यातल्या फळीवरच्या पितळी वाटीकडं गेला. वाटी हाताला लागलीही. आणि तेवढ्यात तिला आप्पासोचा आवाज आठवला. दिवा इजंल. जानाई एवढा हिशेब बघते का, की कुणी उचलला आणि कुणी नाही? आत्ता या घडीला किस्ना कुठंतरी रानातून चालला असेल, समोरून बंदूक रोखलेली असेल, आणि इथं आपण वाटी खाली काढली तर? तिनं हात मागं घेतला.

"माझा किस्ना तिकडं हाय," ती म्हणाली. "आज तिकडं हाय गं."

जैनबीनं करडाकडं बघितलं.

"नवसाचं न्हवं ह्ये?"

"व्हय."

"मग त्येचं कसं तोडायचं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मनुबाईला बरं वाटलं असतं. "किस्नाभावजी सुखरूप येतील. म्याबी दुवा मागते." झोळी छातीशी धरून ती कुपाटीच्या कडेकडेनं निघून गेली.

मनुबाई तिथंच बसून राहिली. करडू पोट टिच्च होईपर्यंत प्यालं आणि बाजूला होऊन उड्या मारायला लागलं. शेळीच्या आचळातून उरलेलं दूध थेंबथेंब मातीत ठिबकत होतं. मनुबाईनं ते डोळ्यांनी बघितलं आणि तरीही ती उठली नाही.

दोन-चार दिवसांत सगळं संपलं. चिंतामण मास्तर दहिवडीच्या मोटारीतून उतरले ते पेपर हलवतच. निजाम शरण आला. गावानं हलग्या काढल्या, लेझीम काढलं, आप्पासोनं गुलालाचं पोतं फोडलं. नाथाजी म्हातारा असून लेझीम खेळला. बायका आरतीची ताटं घेऊन मिरवणुकीत चालल्या. मनुबाईही चालली. किस्नाचं काही कळलं नव्हतं, पण लढाई थांबली म्हणजे त्याच्यावरचं संकट टळलं असं तिनं मनाशी धरलं होतं आणि तिला एकदम हलकं वाटत होतं.

मुलाण्याच्या वळणावर आल्यावर पोरं मुद्दाम जास्त ओरडली. घराचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर जैनबी बसली होती आणि तिच्या मांडीवर गाठोडं होतं. धडुतं नीट गुंडाळलेलं. पायही झाकलेले आणि तोंडही झाकलेलं.

मनुबाईच्या हातातलं ताट कलंडलं, दिवा विझला. जिवंत पोराचं तोंड कुणी झाकत नाही. तिच्या शेजारच्या बायकांनीही बघितलं असणार, कारण एकेकीचा आवाज बसत गेला. हलगी मात्र वाजतच राहिली. वाजवणाऱ्यांची पाठ त्या घराकडं होती.

तेवढ्यात समोरून बाबालाल आला. खांद्यावर शेळी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले, चालून चालून चेहरा ओढलेला. मिरवणूक बघून तो वाटेच्या कडेला सरला. कुणीतरी गुलाल उधळला तो त्याच्यावर आणि शेळीवर पडला. त्यानं तो पुसला नाही. मनुबाई दिसली तसा तो थोडा हसला.

"सुटलं का, काकी?" त्यानं विचारलं. "नाकी उघडली का?"

मनुबाईनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाबालालनं शेळी खांद्यावर नीट घेतली आणि घराकडं चालू लागला.

त्यानं एकट्यानंच खड्डा खणला. गावातलं कुणी गेलं नाही, कारण शपथ होती. त्या दिवशी मनुबाई आमटीत मीठ टाकायला विसरली. नाथाजीनं मीठ मागितलं नाही. दोघांनी अळणी आमटी खाली मान घालून संपवली.

सरकारची नाकेबंदी उठली. मोगलाईत मिठाच्या वॅगनी जायला लागल्या, असं मास्तरांनी वाचून दाखवलं. गावची नाकेबंदी काही उठली नाही. मास्तरांनी एकदा आप्पासोला म्हटलं, की आता सोडायला पाहिजे. आप्पासो म्हणाला, "सोडू की. पर बेल उचलताना मुदत कुणीच बोललं न्हाई. मुदत न्हाई तर सोडायचा कसा, त्ये तरी सांगा." खरं कारण वेगळंच होतं. शपथ सोडली की आधी त्या दारात जावं लागणार होतं, आणि तिथं पहिल्यांदा कोण जाणार? त्यापेक्षा देवाच्या नावावर ढकललेलं बरं. बाबालाल आता बारा कोसावरच्या गावांत मजुरीला जायचा. जैनबी झिऱ्यावरूनच पाणी आणायची. गावाला त्याची सवय झाली.

दिवाळीत किस्ना आला. धडधाकट, नखालाही धक्का नाही. मनुबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याचे खांदे, दंड, गाल चाचपून बघितले. तो वाळला होता आणि कमी बोलत होता. चावडीवर सगळे जमले. किती मारले, कसे पळाले, सगळं सांग म्हणाले.

"मारायला फारसं कोण हुतंच न्हाई," किस्ना म्हणाला. "पयल्या गावात गेलो तर लोक पुढं आलं आन् मीठ हाय का म्हणून इचारलं. लॉरीतनं पोतं काढलं, तर एक म्हातारी खडं तोंडात धरून चोखत बसली. लहान पोरावानी."

"आपल्यातली का त्येंच्यातली?" आकारामनं विचारलं.

"म्या इचारलं न्हाई." किस्ना उठून उभा राहिला. "आन् त्येच्या मागनं तिकडं जे झालं, त्ये तुमीबी इचारू नगा."

घरी आल्यावर त्यानं गोठ्यात जाऊन बोकड बघितला. पाच महिन्यांचा, तुकतुकीत, पाठीवर हात ठेवला तर घसरावा असा. "आयं, झकास झालाय की. कवा करायचा? बाबालालभाऊला सांगितलं का?"

मनुबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि परत मागं ओढलं. नाथाजी बाहेर निघून गेला.

नवस तर फेडायचाच होता. नवस फेडायचा म्हणजे भावकीला जेवण, आणि जेवणाचं नाव निघताच गावात हालचाल सुरू झाली. आकाराम म्हणाला, आपणच कापू, त्यात काय. म्हातारी माणसं उसळली. मुलाण्याची सुरी फिरली नाही तर आम्ही तोंडाला लावणार नाही, आणि जानाईलाही चालायचं नाही. झालं. आप्पासोनं पाच जाणत्यांना देवळात बोलावलं, एक नारळ फोडला, पायरीवरचा भंडारा पाण्यानं धुतला आणि शपथ सुटली असं सांगितलं. याला पान चघळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. वाटीभर दुधासाठी जी शपथ सुटली नव्हती ती मटणासाठी सुटली. हे तिथं कुणी बोललं नाही, पण देवळातून बाहेर पडताना एकमेकांच्या तोंडाकडं बघायची कुणाची छाती झाली नाही.

नाथाजी मुलाण्याच्या घरी जाऊन आला. मनुबाई दारातच उभी होती.

"काय म्हनला?"

"येतो म्हनला."

"आनि?"

"आनि काय न्हाई," नाथाजी म्हणाला आणि खाटेवर बसला. त्यानं पायातलं पायताणही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबालाल आला. मुंडासं नीट बांधलेलं, सुरी फडक्यात गुंडाळलेली. भावकी अंगणात जमली होती. किस्ना पुढं जाऊन त्याच्या गळ्यात पडला. बाबालालनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आलास, गड्या. बरं झालं," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला.

बोकडाला हार घातला, कपाळाला भंडारा लावला. बाबालाल त्याच्यापाशी उकिडवा बसला.

"पाणी पाजा त्येला," तो म्हणाला. तहानलेलं जनावर तो कधी कापत नसे, त्याचा बापही कापत नसे.

मनुबाईनं गोठ्यात जाऊन फळीवरची वाटी काढली. तीच पितळी वाटी. पाणी घेऊन आली तेव्हा निम्मं वाटेतच सांडलं होतं. बोकड प्याला. बाबालालनं त्याच्या गळ्याखालून बोटं फिरवली, शीर बघितली, मग छातीवरचं मांस चाचपलं.

"चांगला पोसलाय, काकी," तो म्हणाला. "आईचं दूध भरपूर मिळालंय. कवाचा ह्यो?"

"जेठातला," मनुबाई म्हणाली.

"व्हय की. इसरलोच." त्यानं सुरीचं फडकं सोडलं. "आमची पोरगीबी जेठातलीच हुती."

किस्नानं बापाकडं बघितलं, मग आईकडं. "हुती म्हंजी?" त्यानं विचारलं. नाथाजी खाली बघत राहिला. बाबालालनं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. काम नेहमीसारखं साफ केलं. जनावराला फार धडपडू दिलं नाही. सुरी धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळली.

आकारामनं मानेचा वाटा पानावर काढून पुढं केला. बाबालालनं पानाकडं बघितलं आणि हात जोडले. "नगं," तो म्हणाला. "घरात खाणारं कोण न्हाई." एवढं बोलून तो निघून गेला. किस्ना त्याच्या मागं गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तो आईशी बोलला नाही. पंगतीलाही बसला नाही. रजा शिल्लक असताना दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं परत पलटणीत गेला.

पंगत मात्र उठली. लोक जेवले, कुणी कुणी रस्सा मागून घेतला.

गोठ्यात शेळी ओरडत होती. पिणारं गेलं आणि कास दगडासारखी टणक झाली. मनुबाईनं तिसऱ्या प्रहरी तिची धार काढली, पाच महिन्यांत पहिल्यांदा. तीच वाटी काठोकाठ भरली, आणि भर दिवसा, गल्लीच्या मधून, काही न झाकता ती वाटी घेऊन ती मुलाण्याच्या दाराशी गेली. आता बघणारं कोण आहे, हे तिनं बघितलं नाही. दारात उंब्रजची शेळी बांधलेली होती. तिचीही कास भरलेली होती.

जैनबी बाहेर आली. तिनं वाटीकडं बघितलं, मग मनुबाईकडं. मनुबाईला वाटलं, आता ही वाटी भिरकावेल, तोंडावर थुंकेल. तसं झालं असतं तर ती तिच्या पायाशी बसून रडली असती. जैनबीनं दोन्ही हातांनी वाटी घेतली. "बसा काकी," म्हणाली आणि आत गेली. आत दूध दुसऱ्या भांड्यात ओतल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली आणि तिनं वाटी परत दिली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं, एवढी रीत त्या घरात शिल्लक होती. वाटीत तिनं मूठभर खडेमीठ घातलं होतं.

"आता मिळतंय दुकानात," जैनबी म्हणाली.

मनुबाई ती वाटी घेऊन घरी आली. ते मीठ तिनं कधी आमटीत टाकलं नाही आणि फेकूनही दिलं नाही. वाटी चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. पावसाळ्यात त्या मिठाला पाणी सुटायचं, ते वाटीच्या काठावरून भिंतीवर ओघळायचं, आणि मनुबाई पदरानं ती भिंत पुसत राहायची.